दिवस मावळायच्या आत

तक्रारदाराचे नाव : भूपाल आदगोंडा मगदूम.
वय त्रेसष्ट. राहणार वखारभाग, सांगली.
व्यवसाय : मार्केट यार्डात तोलाईदार, आता निवृत्त.
मी टाइप करत होते आणि ते माझ्या बोटांकडे
काट्याकडं बघावं तसे बघत होते.

किती गेले, काका?
सहा लाख चाळीस हजार. आणि पाटल्या.
पाटल्या कशा पाठवल्यात?
मोडल्या. त्रिशलाच्या होत्या.
मग ते पंख्याकडे बघत बसले
आणि मी उगाच स्पेसबार दाबत राहिले.

चॅटची एकशे बारा पानं निघाली,
प्रिंटर दोनदा अडकला.
बाईचं नाव एलिना, जहाजावर डॉक्टर,
मराठी यंत्रातून पिळून काढलेलं :
"प्रिय भूपाल, तू तुझे रात्रीचे जेवण खाल्लेले आहेस काय?"
हवालदार कोळेकर मोठ्यानं हसले.
हसले मीही.

पान सतरावर काकांनी तिला लिहिलंय :
आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत.
पान अठरापासून ती
पावणेसहाला विचारते.
न चुकता. मे महिन्यात सव्वासहाला.
सांगलीचा सूर्य कधी बुडतो
हे कुठल्या देशात बसून कोण बघत होतं,
कोण जाणे.

मुलाचा फोन पुण्याहून, रात्री साडेनवाला.
"पप्पा, जेवलात का?"
"व्हय."
तेवढंच.

"मॅडम, तुम्ही म्हणाल, म्हातारा खुळा हाय.
पण आमच्याकडं हळदीचा सौदा
टॉवेलाखाली व्हायचा बघा.
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात, वरनं टॉवेल,
आत बोटं दाबायची. तोंडातनं शब्द नाही.
चाळीस वर्षं मी बाजूला उभा.
मी वजन करणारा. भाव ठरायचा दुसऱ्यांचा.
माझा हात काय कुणी टॉवेलाखाली घेतला नाही.

पुढं त्रिशला गेली, यार्ड सुटलं,
सून म्हणायची, खोकत जाऊ नका, बाळ उठतंय.
चार वर्षं मला कुणी भाव दिला नव्हता, मॅडम.
हिनं दिला.

दर खोटा हाय, हे पाटल्यांच्या आधीच कळलंवतं मला.
माणूस बोटं दाबतोय कशी, त्यावरनं कळतंय.
पण मी हात सोडवून घेतला नाही.
धरलावता की कुणीतरी."

हे कसं टाइप करायचं?
मी लिहिलं : अर्जदारास आमिष दाखवून
विश्वास संपादन केला.
आयुष्यभर हळदीत वावरलेल्या माणसाला
हळद एकदाच लागली होती,
हे लिहिलं नाही.

मग मला राहवलं नाही, सांगितलं :
काका, बाईबिई कुणी नसते.
नोकरीच्या नावानं नेलेली पोरं असतात,
परदेशात एका इमारतीत कोंडलेली,
एकेकाजवळ दहा फोन,
पैसे नाही आले तर मारतात म्हणे.

काका पहिल्यांदा सरळ बसले.
"पोरगं?"
बराच वेळ गेला.
"त्येला जेवाय घालत्यात का वेळेवर?"

मला माहीत नव्हतं.
खिडकीबाहेर विश्रामबागेत ऊन उतरलं होतं,
वखारभागात पोचेपर्यंत अंधार पडला असता.
मी डबा उघडला. भाजीत लसूण होता.
कोऱ्या दोन चपात्या काढल्या, चहावाल्या पोराकडून
गुळाचा खडा मागवला, आणि म्हटलं, खा आधी.

ते खाली मान घालून खात होते
तेव्हा टेबलावर, सील करायच्या पिशवीत,
त्यांचा मोबाइल थरथरला.
कोळेकरांनी घड्याळ बघितलं. पावणेसहा.
मी बघितलं काकांकडे.

त्यांचं तोंड भरलेलं होतं.
पिशवीकडे बघून त्यांनी
नुसती मान हलवली,
जेवतोय, अशी.